टोप रिकामाच आणायचा

आमच्याकडं उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. वाटीभर साखर आणली तर वाटी देताना तिच्यात चार मिरच्या तरी घालाव्या, टोप आणला तर मूठभर तांदूळ तरी टाकावे, असं माझ्या आईनं मला शिकवलं. तुमच्याही आईनं शिकवलं असेल. ही रीत जिनं माझ्या तोंडावर मोडली तिच्याविषयी सांगते. तिचं नाव शेवंता. मोठी माणसं शेवंताक्का म्हणायची, पोरं टोपवाली म्हणायची, आणि पाठीमागं बायका जे म्हणायच्या ते लिहिलं तर कागद जळेल.

कर्जतहून खोपोलीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची वस्ती. मधोमध विहार, विहाराच्या मागं एक खोली, आणि त्या खोलीत महिला मंडळाची भांडी. जर्मनचे म्हणजे अॅल्युमिनियमचे मोठमोठे टोप, पितळी पराती, झारे, डाव, दोन लोखंडी शेगड्या. लाकडी मांडणीवर टोप पालथे घातलेले. खोलीची किल्ली शेवंताक्काच्या कमरेला.

माझ्या थोरल्याचं नाव ठेवलं तेव्हा मी नवीनच होते वस्तीत. मंडळाचा टोप आणला, जेवणं झाली, टोप घासला आणि रीतीप्रमाणं त्यात वाडगाभर शिरा घालून, वर केळीचं पान झाकून नेऊन दिला. तुपातला शिरा, बेदाणे घातलेला. मनात म्हटलं, म्हातारी खूश होईल. तशी ती तेव्हा म्हातारी नव्हती, पण वाटायची.

तिनं पान उचलून आत पाहिलं. म्हणाली, "हे काय?"

"शिरा हाय, आक्का. तुमच्यासाठी."

"मी मागितला व्हता?"

"मागितला नाय, पन रिकामा टोप कसा देनार?"

"असा," ती म्हणाली, आणि टोप पायरीवर उपडा केला. विहारापाशी दोन कुत्री कायम पडलेली असायची, ती धावली. चार बायका बघत होत्या. माझे डोळे भरले, तर ती म्हणते, "रडतीस कशाला? कुत्र्याला गोड लागला. आता घासून आन. टोप नेताना रिकामा न्यायचा, आनताना रिकामाच आनायचा."

घासून आणल्यावर तिनं आणखी एक केलं, ते तर साऱ्या जन्मात कुणी विसरणार नाही. टोपाच्या काठाला आतून जी दुमड असते ना, जिथं तेलकटपणा लपून बसतो, तिथून उजव्या हाताचं बोट तिनं गोल फिरवलं. सावकाश, पूर्ण फेरी. मग बोट उजेडाला धरून पाहिलं. बोट स्वच्छ निघालं तर मान हलवायची. "सोच्छ हाय." बस, एवढंच. आणि डाग निघाला तर एक शब्द न बोलता ते बोट तुमच्या खांद्यावर, तुमच्याच पदराला पुसायची. तेलाचा तो डाग घेऊन वस्तीतून घरापर्यंत चालत जायचं. बायका काथ्या आणि राख घेऊन हात सोलवटेपर्यंत का घासायच्या, ते आता कळलं ना?

पण ही भांडी नुसती लग्नाकार्याची नव्हती. मंडळाचा एक ठराव होता, शेवंताक्काचाच. ज्या बाईचा आधार तुटला, नवरा मेला म्हणा, पळून गेला म्हणा, तिला मंडळानं एक टोप, एक शेगडी आणि लागतील ती भांडी एक वर्ष वापरायला द्यायची. त्याचं काही घ्यायचं नाही. तिनं त्यावर रांधून विकावं, पायावर उभं राहावं आणि वर्षानं टोप परत आणावा. रिकामा. ज्या बाया आधी उभ्या राहिल्या त्यांनी तिला माल कुठून घ्यायचा, गिऱ्हाईक कुठं मिळतं ते दाखवायचं. ऐकायला किती छान. कुणी पाहुणे आले की आम्हीही हे असंच छान करून सांगायचो.

तारा कशी उभी राहिली ते मात्र सांगायचो नाही.

ताराचा नवरा साजगावला कारखान्यात कामाला होता, जाता-येता मोटारसायकलवरून पडला आणि गेला. पदरात दोन लहान पोरी. वस्तीनं काय करायचं असतं ते केलं. रोज कुणी ना कुणी तिच्याकडं ताट न्यायचं, भाकरी, कालवण, पोरींना दूध. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे परतले, तरी ताटं चालू होती. तारा भिंतीला टेकून बसलेली, पोरी दारात ताटाची वाट बघत.

एका सकाळी शेवंताक्का घरोघर फिरली. माझ्या दारात आली तेव्हा मी ताराकडं न्यायला डाळ उतरवत होते.

"कोनाची डाळ?"

"ताराची."

"आजपास्नं नाय न्यायची."

"अगं आक्का, पोरी लहान हायेत."

"लहान हायेत म्हनून तर. थोरल्या झाल्या का सवय मोडत नाय."

आम्ही कुणीच नेलं नाही. तिला कोण विरोध करणार? ताराच्या उंबऱ्यावर तिनं टोप, शेगडी आणि पोह्यांची पिशवी ठेवली आणि निघून आली. दुपारपर्यंत पोरी दारात उभ्या होत्या. मग धाकटी रडायला लागली. आमची घरं भिंतीला भिंत लागून, सगळ्यांना ऐकू येत होतं. मी ताट बाजूला सारलं. संध्याकाळी ताराचा आवाज आला. आधी शिव्या. अशा शिव्या की गड्यांनी कानावर हात ठेवावे. शेवंताक्का ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. नंतर शेगडी पेटल्याचा वास आला.

पहिल्या दिवशीचे पोहे करपले. दुसऱ्या दिवशी बरे झाले, तर तारा टोप घेऊन टेंपोनं साजगावला कारखान्याच्या गेटवर गेली. आम्हीही मागं गेलो, धीर द्यायला. कुणी थांबेना. मी पदराची गाठ सोडून एक प्लेट घ्यायला निघाले तर शेवंताक्कानं मनगट धरलं. "आपली मानसं खातील ती भीकच, इंदे. परका खाईल तो धंदा." कारखान्याची पाळी सुटेपर्यंत आम्ही रस्त्यापलीकडं उभ्या. तारा एकटी, पोहे गार होत चाललेले, ती आमच्याकडं बघतेय आणि आम्ही हलत नाही. मग पाळी सुटली. एक माणूस थांबला, मग चौघं.

आज त्या गेटवर ताराची पक्की टपरी आहे. दोन बाया हाताखाली आहेत, पोरी शिकल्या. पण शेवंताक्काशी ती पुन्हा बोलली नाही. टोप परत करताना सुद्धा नाही. आक्कानं बोट फिरवलं, "सोच्छ हाय," तारा वळली आणि गेली. मी एकदा म्हटलं, "तारे, तिच्यामुळं उभी ऱ्हायलीस गं." तर म्हणाली, "व्हय. आन् तिच्यामुळं माझी पोर दारात रडली. दोनी खरं हाय. तुमी एक इसरा, मी इसरनार नाय."

बरं, ही बाई परक्यांशी गोड असेल म्हणाल, तर तेही नाही. एका कंपनीचे साहेब आले होते भांडी भेट द्यायला. फलक लावला, खुर्च्या मांडल्या. चकचकीत स्टीलचे टोप, आणि साहेबांनी मोठ्या मनानं ते बुंदीच्या लाडवांनी भरून आणलेले. वस्तीतली झाडून सारी पोरं पुढं येऊन बसली. साहेब टोप पुढं करून फोटोसाठी हसले. शेवंताक्का हात मागं बांधून उभी.

"घ्या ना, मावशी."

"सायेब, रिकामा द्या."

साहेबांना वाटलं, टोप जड आहे. "अहो, आम्ही आत नेऊन ठेवतो."

"जड नाय. भरलेला हाय. रिकामा करा, मंग घेते."

सगळ्यांनी समजावलं. सरपंचांनी समजावलं, निदान पोरांना तरी वाटू द्या म्हटलं. ती ढिम्म. शेवटी साहेबांच्या माणसांनी लाडू पिशव्यांत भरले आणि गाडीच्या डिकीत परत ठेवले. पोरं एकेक लाडू जाताना बघत होती. शप्पथ सांगते, एवढी शांत पोरं मी कधी पाहिली नाहीत. मग तिनं टोप घेतले, फोटो काढू दिला आणि गाडी वळत असताना म्हणाली, "चांगला मानूस हाय. पन हात वर ठेवून देतो."

तेव्हा मला फार राग आलेला. पुढं एकदा नदीवर आम्ही दोघीच जयंतीच्या जेवणाचे टोप घासत होतो. तिच्या उजव्या मनगटावर एक जुना पांढरट चट्टा होता. मी विचारलं, हे कशानं. तिनं घासणं थांबवलं नाही. म्हणाली, आपला धर्म बदलायच्या आधीची गोष्ट. वरच्या आळीत लग्न होतं. आईनं तिला टोप देऊन पाठवलं होतं. पंगती उठेपर्यंत मांडवाबाहेर उभं राहायचं, मग ते लोक उरलंसुरलं टोपात घालायचे. वाढणारी बाई शिवू नये म्हणून उंचावरून ओतायची. कढत आमटी हातावर पडली.

"मंग?"

"मंग काय. टोप सोडला नाय. घरी आनला. समदी जेवली."

मी म्हटलं, "बिचारी तुझी आई, केवढी रडली असंल."

"हसली," शेवंताक्का म्हणाली. "टोप भरलेला बगून हसली गं ती." आणि राखेची मूठ घेऊन काठाची दुमड घासायला लागली.

आता सुनंदाचं. मांडणीवर टोपांची रांग होती म्हटलं ना, त्या रांगेत खालच्या फळीवर एक जागा कायम मोकळी असायची. नवीन भांडी आली, जागा पुरेना, खोलीत पाय ठेवायला वाव राहिला नाही, तरी तिथं दुसरं काही ठेवू द्यायची नाही. कुणी ठेवलं तर उचलून बाहेर फेकायची. ती सुनंदाच्या टोपाची जागा.

सुनंदा तिची एकुलती एक लेक. बदलापुराकडं दिली होती. नवरा मारकुटा निघाला. एका दुपारी ती माहेरी आली, एक डोळा सुजून बंद झालेला, अंगावरच्या साडीनिशी. मी माझ्या ओट्यावर होते, म्हणून सगळं पाहिलं. शेवंताक्कानं लेकीला तांब्याभर पाणी दिलं. ओट्यावरच. दारातून बाजूला झाली नाही.

"हात शाबूत हायेत?"

सुनंदाला कळलं नाही. "आई, आत येऊ दे."

"हात दाखव."

सुनंदानं दोन्ही हात पुढं केले. आईनं ते उलटसुलट पाहिले, भाजी निवडताना बघतात तसे. मग विहारामागं गेली आणि एक टोप, एक शेगडी घेऊन आली. "नेरळला इमारती उठतायत. कामाला लई मानूस हाय, त्यास्नी जेवन लागतं. खोली बग, डबे कर."

"आज? आई, मी आज कुठं जाऊ?"

"आज आत आलीस तर समदी वस्ती ताट घिऊन यील. तू खाशील. उद्या बी खाशील. मंग तुला उठवनार कोन? मी?"

मी न राहवून ओरडले, "आक्का, पोटची पोर हाय गं!"

"म्हनून तर टोप चांगला दिलाय," ती म्हणाली आणि दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. सुनंदा किती तरी वेळ त्या दाराकडं बघत बसली. मग शेगडी टोपात ठेवली, टोप डोक्यावर घेतला आणि रस्त्याला लागली. मी तिला घरात बोलावलं. तिनं मान हलवून नाही म्हटलं. त्या क्षणाला ती हुबेहूब आईसारखी दिसली.

वर्ष झालं. सुनंदानं टोप आणला नाही. आधी इमारतींवरच्या मजुरांचे डबे, मग त्याच इमारतींत राहायला आलेल्यांचे. चांगलं चाललंय असं कानावर यायचं. टोप मात्र येईना. मंडळाच्या बैठकीत शेवंताक्का दरवर्षी उभी राहून सांगायची, "सुनंदानं टोप आनला नाय. टोप येत नाय तवर मंडळाकडनं तिला काय मिळनार नाय." स्वतःच्या लेकीचं नाव, सगळ्या बायकांत. आम्ही खाली बघायचो.

मी नेरळला पाहुण्यांकडं गेले की सुनंदाकडं डोकावायचे. एकदा तिनं माझ्याबरोबर आईसाठी डबा दिला. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी, आईला आवडतं म्हणून. शेवंताक्कानं झाकण सुद्धा उघडलं नाही. "भरलेला डबा नको. माझा टोप आन म्हनावं."

डबा तसाच परत नेऊन दिला. सुनंदानं तो उघडला, वास घेतला आणि हाताखालच्या बाईला देऊन टाकला. मी म्हटलं, "देऊन टाक की गं तो टोप. जर्मनचा एक टोप, तुला काय कमी हाय आता?"

"मावशी, टोप दिला का संपलं ना? आता ती वर्साला एकदा तरी माझं नाव काढते. टोप दिल्यावर कशाला काढंल?"

तेव्हापासून मला कळलं की त्या दोघींमध्ये जे काही उरलं होतं ते त्या एका टोपात होतं.

गेल्या हिवाळ्यात शेवंताक्काची उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, हात लाकडासारखा. नवरा कधीच वारलेला. कर्जतच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हिला भरवावं लागेल. मी पेज घेऊन गेले. तिनं ओठ मिटून घेतले. चमचा लावला तर मान फिरवली. डाव्या हातानं चुलीशी सरपटत जायची, कच्चंपक्कं शिजवायची, निम्मं सांडायची. तेवढंच खायची.

मंडळाच्या बायका जमल्या. पाळ्या लावू या म्हणून मी म्हटलं. मग तारा, जी बैठकीत कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "पाळ्या कशाला? तिच्याच ठरावात काय हाय? आधार तुटला त्या बाईला टोप आन् शेगडी द्यायची."

एकजण हसली. मग आणखी दोघी. मी म्हटलं, "अगं, तिचा हात गेलाय!"

"एक हाय ना शाबूत," तारा म्हणाली.

आणि खरंच ठेवलं हो त्यांनी. टोप, शेगडी, पोह्यांची पिशवी. उंबऱ्यावर. मी आत होते. शेवंताक्कानं सरपटत येऊन ते पाहिलं. वाटलं, आता रडेल. तर ती वाकड्या तोंडानं हसली. "शिकल्या," म्हणाली. जीभ जड झाली होती, पण शब्द कळला. अभिमान होता का काय होतं त्यात, अजून सांगता येत नाही. त्यानंतर तिनं चुलीकडं जाणंही सोडलं. पाण्यावर राहिली.

मी कर्जतला गाडी धरली आणि नेरळ गाठलं. सुनंदा भल्यामोठ्या स्वयंपाकघरात, चार बाया पोळ्या लाटताहेत. माझं ऐकून घेतलं. "माझ्या हातचं खाईल ती?"

"विचारून तर बग."

"इचारनार नाय. तिनं मागायला पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिक्षानं आली. हातात तो टोप. आमच्या दारादारांत बायका उभ्या राहिल्या. ताराही होती. सगळ्यांनी टोपाकडंच पाहिलं. झाकण होतं वर. मला वाटलं, सुटलो. बिरडं असेल नाहीतर पेज, लेक भरवील, म्हातारी खाईल.

सुनंदा आईसमोर बसली आणि झाकण काढलं. टोप रिकामा. असा घासलेला की आत छपराच्या वाशांची सावली दिसत होती.

"टोप आनलाय, आई. रिकामा. बगून घे."

शेवंताक्का लेकीच्या तोंडाकडं बघत राहिली. मग डावा हात उचलला. त्या हाताला सवय नव्हती. काठाच्या दुमडीतून बोट फिरवायला तिला फार वेळ लागला. मध्ये थांबायची, दम खायची, पुन्हा तिथून पुढं. पूर्ण फेरी झाली. बोट दाराकडून येणाऱ्या उजेडाला धरलं.

सुनंदा वाट बघत होती. मी बघत होते, ती वाट बघत होती. एक शब्द, भूक लागली म्हण, बस म्हण, काहीही. भरून आण एवढं म्हटलं असतं तर ती पोर तिथंच चूल पेटवून बसली असती.

"सोच्छ हाय," शेवंताक्का म्हणाली.

सुनंदा उठली. चपला घातल्या. रिक्षा उभीच ठेवली होती तिनं. ताराच्या समोरून गेली, तेव्हा ताराच खाली बघायला लागली.

"इंदे," शेवंताक्कानं हाक मारली. "टोप जाग्यावर ठेव." आणि डाव्या हातानं कमरेची किल्ली ओढून दिली. किल्ली तिनं माझ्या हातात दिलेली तेवढी एकच वेळ.

मी टोप काखेत घेतला. दारातून बाहेर पडताना, का कोण जाणे, मागं वळून पाहिलं. तिला वाटलं असावं, मी गेले. भिंतीला टेकून बसली होती. ते बोट अजून तसंच उजेडात धरलेलं. मग सावकाश तिनं ते तोंडात घातलं आणि डोळे मिटून चाखत राहिली.